मादाम वू आणि आरशातला भोवरा

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. पुनरुक्ती तेवढी काढली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं.)

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक आहे, मग सुरू करू.

भौतिकशास्त्रज्ञांची नावं आठवा म्हटलं, की आपल्या तोंडी कोण येतं? आइन्स्टाइन, बोर, श्रॉडिंगर, हॉकिंग. ही सगळी फळ्यावर समीकरणं लिहिणारी मंडळी. प्रयोगशाळेत हात काळे करणाऱ्यांची नावं आठवायला जरा वेळ लागतो. आपल्या मनात अशी काहीशी समजूत असते, की सिद्धान्त मांडणारा हा लेखक आणि प्रयोग करणारा हा मुद्रितं तपासणारा. त्यानं फक्त बरोबर की चूक एवढी खूण करायची.

ही समजूत किती अपुरी आहे, ते आज एका व्यक्तीच्या निमित्तानं बघू. चिएन-शिउंग वू. सहकारी त्यांना मादाम वू म्हणायचे, आपणही तसंच म्हणू. १९५६ च्या डिसेंबरात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोजमाप केलं आणि निसर्गाचा एक नियम, जो सगळ्यांनी गृहीतच धरला होता, तो पडला. तो नियम काय होता, मोजमाप कसं केलं, आणि ते नेमकं याच बाईंच्या हातून का झालं, असे तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत. तिसरा माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा.

मुलींची शाळा काढणारे वडील

चीनमध्ये शांघायपासून फार लांब नसलेलं लिउहे नावाचं छोटं गाव आहे. तिथे ३१ मे १९१२ रोजी चिएन-शिउंगचा जन्म झाला. वडील वू झोंगयी. मुलींनी शिकलं पाहिजे असं नुसतं म्हणून ते थांबले नाहीत. गावात त्यांनी मुलींची शाळा काढली. लेक त्याच शाळेत शिकली.

त्या शाळेत वरचे वर्ग नव्हते. म्हणून अकरा वर्षांच्या मुलीला सूचोउ शहरातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेत पाठवलं. तिथे तिनं शिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम घेतला. त्यात फी नव्हती आणि पुढे नोकरीची खात्री होती. पण त्या अभ्यासक्रमात विज्ञान फारसं नव्हतं. मग ही मुलगी काय करायची? दुसऱ्या शाखेतल्या मैत्रिणींचा अभ्यास रात्री संपला, की त्यांची गणिताची आणि भौतिकशास्त्राची पुस्तकं मागून आणायची आणि स्वतःच वाचत बसायची.

पुढे नानजिंगच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. विषय भौतिकशास्त्र. पदवी १९३४ साली. मग दोन वर्षं चीनमध्येच संशोधन. पुढच्या शिक्षणासाठी काकांनी पैसे दिले आणि १९३६ साली, चोविसाव्या वर्षी, त्या अमेरिकेच्या बोटीत बसल्या. डॉक्टरेट करायची आणि परत यायचं, असा बेत होता. आईवडील शांघायच्या धक्क्यावर निरोप द्यायला आले होते.

पुढच्याच वर्षी जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं. मग महायुद्ध, मग यादवी, मग दोन देशांमधलं वैर. आईवडिलांची आणि त्यांची पुन्हा कधीच भेट झाली नाही. हे लक्षात असू द्या, आपण शेवटी इथे परत येणार आहोत.

बर्कली, आणि झेनॉनचं कोडं

जायचं होतं मिशिगन विद्यापीठात. पण कॅलिफोर्नियात उतरल्यावर त्यांच्या कानावर आलं, की मिशिगनमध्ये विद्यार्थी संघाच्या नव्या इमारतीत मुलींना पुढच्या दारानं जाता येत नाही. दुसरीकडे बर्कलीची प्रयोगशाळा त्यांनी पाहिली. तिथे अर्नेस्ट लॉरेन्स यांचं सायक्लोट्रॉन होतं. अणुकेंद्रकांवर संशोधन करायला त्या वेळी याहून चांगली जागा सापडणं कठीण. त्या तिथेच राहिल्या. ती प्रयोगशाळा दाखवणारे तरुण होते ल्यूक युआन. १९४२ साली दोघांचं लग्न झालं.

डॉक्टरेट १९४० साली मिळाली. काम होतं बीटा-ऱ्हासावर आणि युरेनियम फुटल्यावर तयार होणाऱ्या झेनॉन वायूच्या किरणोत्सारी प्रकारांवर. मार्गदर्शनात एमिलिओ सेग्रे यांचा मोठा वाटा. हे काम किती पक्कं होतं, ते चार वर्षांनी कळलं.

सप्टेंबर १९४४. वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला मोठी अणुभट्टी सुरू झाली आणि काही तासांत आपोआप मंदावत बंद पडली. काही वेळानं पुन्हा चालू, पुन्हा बंद. शोध घेता कळलं, की भट्टीतच तयार होणारं झेनॉन-१३५ न्यूट्रॉन गिळून टाकतंय. सेग्रे आणि वू यांची झेनॉनवरची मोजमापं तिथे उपयोगी पडली. हा सगळा अणुबाँबचा प्रकल्प होता आणि मादाम वू कोलंबिया विद्यापीठात त्याच प्रकल्पावर काम करत होत्या. त्या इतिहासाचं ओझं मोठं आहे. आज मी त्यात शिरत नाही, पण ते वगळून त्यांची गोष्ट सांगणंही बरोबर नाही.

पातळ थराची गोष्ट

आता मुख्य रस्त्याकडे येऊ. बीटा-ऱ्हास म्हणजे काय? काही अणुकेंद्रकं अस्थिर असतात. त्यांच्यातून एक इलेक्ट्रॉन वेगानं बाहेर पडतो आणि केंद्रक दुसऱ्या मूलद्रव्याचं होतं. ज्या बलामुळे हे घडतं त्याला आपण क्षीण बल म्हणतो.

१९३४ साली एन्रिको फर्मी यांनी या ऱ्हासाचा सिद्धान्त मांडला. किती ऊर्जेचे किती इलेक्ट्रॉन बाहेर पडतील, याचा आलेख त्यातून काढता येतो. पण निरनिराळ्या प्रयोगशाळांतून येणारी मोजमापं जुळेनात. कमी वेगाचे इलेक्ट्रॉन अपेक्षेपेक्षा जास्तच सापडायचे. मग काही जणांनी सिद्धान्तच बदलायला घेतला.

मादाम वूंनी वेगळी शंका घेतली. सिद्धान्त चुकलाय की आपलं मोजणं?

विचार करा, मंडईतून तुम्ही धावत बाहेर येताय. गर्दी नसेल तर ज्या वेगानं निघालात त्याच वेगानं बाहेर याल. गर्दी असेल तर धक्के खात खात येणार, बाहेर पडेपर्यंत वेग मंदावलेला. किरणोत्सारी पदार्थाचा थर जाड किंवा ओबडधोबड असेल तर इलेक्ट्रॉनचं हेच होतं. तो केंद्रकातून जोरात निघतो, पण थरातून बाहेर येईपर्यंत ऊर्जा गमावून बसतो. आणि आपण म्हणतो, हा बघा कमी वेगाचा इलेक्ट्रॉन!

म्हणजे थर अतिशय पातळ आणि सगळीकडे सारखा हवा. त्यांनी किरणोत्सारी तांबं घेतलं, कॉपर सल्फेटच्या रूपात. द्रावण वाळलं की त्याचे स्फटिक गोळा होऊन बसतात, थर एकसारखा राहत नाही. म्हणून त्यांनी द्रावणात थोडं डिटर्जंट घातलं. होय, आपण कपड्यांना वापरतो त्या जातीचं. साबणाच्या पाण्यासारखं ते द्रावण सारखं पसरलं आणि थर एकसारखा वाळला. १९४९ साली त्यांची मोजमापं प्रसिद्ध झाली आणि फर्मींचा आलेख अगदी जुळला. दहा-पंधरा वर्षांचा घोळ एका पातळ थरानं मिटवला.

हे मी एवढं रंगवून का सांगतोय? कारण इथून पुढे बीटा-ऱ्हासाबद्दल एक गोष्ट सर्वमान्य झाली: वू यांनी मोजलंय ना, मग ते बरोबर असणार. हा विश्वास एक दिवस फार मोठ्या कामी येणार होता.

आरशातला भोवरा

आता तो नियम. त्याला पॅरिटीची अक्षय्यता म्हणतात. आपण सोपं नाव देऊ: आरशाचा नियम.

नियम असा, की निसर्गात जे घडतं त्याचं आरशातलं प्रतिबिंबही निसर्गात घडू शकणारं असतं. चित्रपट उलटा, म्हणजे डावीकडचा उजवीकडे करून दाखवला, तर पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसतील, लोक डाव्या हातानं जेवताना दिसतील. पण दगड खालीच पडेल, लाटा फुटतील, ग्रह फिरतील. भौतिकशास्त्राचा कुठलाही नियम मोडलेला दिसणार नाही. निसर्गाला डावं-उजवं ठाऊक नाही. गुरुत्वाकर्षणाला हे लागू, विद्युतचुंबकीय बलाला लागू, केंद्रकाला बांधून ठेवणाऱ्या प्रबळ बलालाही लागू. मग क्षीण बलालाही लागू असणारच, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

आता एक भोवरा डोळ्यांसमोर आणा. वरून पाहिलं तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतोय. उजव्या हाताची बोटं त्याच्या फिरण्याच्या दिशेनं वळवा आणि अंगठा ताठ ठेवा. अंगठा वर जातोय ना? करून बघा, लाजू नका. या दिशेला भोवऱ्याच्या स्पिनची दिशा म्हणू. क्रिकेटमधली फिरकी, तोच शब्द.

आता शेजारी उभा आरसा धरा. आरशातला भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतोय. उजव्या हाताची बोटं तशी वळवली तर अंगठा खाली जातो. भोवरा आरशात उलटा उभा राहिला नाही, वर-खाली तसंच राहिलं. स्पिन मात्र उलटी झाली.

पुढची पायरी. समजा भोवरा ओला आहे आणि त्याच्यावरून पाण्याचे तुषार उडताहेत, आणि ते जास्त करून खाली उडतात. खऱ्या भोवऱ्यात अंगठा वर, तुषार खाली. म्हणजे स्पिनच्या विरुद्ध. आरशात अंगठा खाली आणि तुषारही खाली. म्हणजे स्पिनच्या दिशेनं. आरशाचा नियम खरा असेल तर निसर्गाला दोन्ही प्रकार सारखेच चालले पाहिजेत. मग खऱ्या भोवऱ्याचे तुषार दोन्हीकडे सारखेच उडायला हवेत. ते एकाच बाजूला जास्त उडत असतील, तर निसर्गाला आपला आणि आरशातला भोवरा वेगवेगळा कळतो. त्याला डावं-उजवं कळतं!

भोवरा म्हणजे अणुकेंद्रक, तुषार म्हणजे बीटा-ऱ्हासात बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन. एवढं ध्यानात धरलंत की सगळा प्रयोग कळला.

प्रश्न कुठून आला?

वैश्विक किरणांत आणि नव्या यंत्रांत दोन कण सापडले होते, थीटा आणि टाऊ. दोघांचं वस्तुमान सारखं, आयुष्य सारखं. पण एक फुटला की दोन पायॉन निघत, दुसरा फुटला की तीन. आरशाच्या नियमाच्या हिशेबानं दोन पायॉनांत आणि तीन पायॉनांत फुटणारा कण एकच असू शकत नव्हता. उंची, वजन, चेहरा सगळं सारखं, पण एक डावखुरा आणि एक उजवा, म्हणून दोन वेगळी माणसं मानायची, असा तो प्रकार.

कोलंबियातले त्सुंग-दाओ ली आणि त्यांचे मित्र चेन-निंग यांग यांनी विचारलं, की आरशाचा नियम क्षीण बलाला लागू होतो हे कोणी तपासलंय का? त्यांनी जुने प्रयोग धुंडाळले. उत्तर मिळालं: कोणीच नाही! सगळ्यांनी मानलं होतं, मोजलं कोणीच नव्हतं.

१९५६ च्या वसंतात ली मादाम वूंच्या खोलीत आले. दोघं एकाच इमारतीत काम करायचे. बीटा-ऱ्हासात हे तपासायचं तर कसं? मादाम वूंनी सुचवलं: कोबाल्ट-६० घ्या, त्याची केंद्रकं अतिशय थंडीत एका दिशेला रांगेत लावा आणि इलेक्ट्रॉन कुठे जातात ते मोजा.

त्या वर्षी मादाम वू आणि त्यांचे पती जिनिव्हाची परिषद करून पुढे पूर्वेकडे जाणार होते. देश सोडून वीस वर्षं झाली होती, त्यानंतर पहिल्यांदाच त्या बाजूला जाणं. क्वीन एलिझाबेथ बोटीची तिकिटं काढलेली होती. पण त्यांना वाटलं, या प्रश्नाचं महत्त्व इतरांच्या ध्यानात यायच्या आत प्रयोग व्हायला हवा. ल्यूक युआन एकटेच गेले. बाई प्रयोगशाळेत थांबल्या.

बहुतेक मोठ्या लोकांना हा वेळेचा अपव्यय वाटत होता. रिचर्ड फाइनमन यांनी नियम टिकेल यावर पन्नास डॉलरची पैज लावली. वोल्फगांग पाउली तर मोठी रक्कम लावायला तयार होते. देव डावखुरा असेल यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

वॉशिंग्टनमधले सहा महिने

अडचण काय होती बघा. केंद्रक म्हणजे बारीकसा चुंबक. साध्या तापमानाला हे चुंबक उष्णतेनं इतके हलत असतात, की सगळ्यांना एका दिशेला तोंड करून उभं करणं अशक्य. त्यासाठी परम शून्याच्या वर जेमतेम ०.०१ अंश एवढ्या थंडीत जावं लागतं. ती सोय कोलंबियात नव्हती. ती होती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेत, अर्नेस्ट ॲम्बलर यांच्याकडे. ॲम्बलर, हेवर्ड, हॉप्स आणि हडसन असे चौघे तिथले, आणि पाचव्या मादाम वू. कोलंबियातलं शिकवणं चालूच. न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन अशा त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या.

दुसरी अडचण याहून नाजूक. इलेक्ट्रॉन काचेची भिंत ओलांडून बाहेर येत नाही. म्हणजे मोजणारं उपकरण त्या थंडीच्या भांड्याच्या आतच हवं. कोबाल्टच्या वर सुमारे २ सेंटिमीटरवर अँथ्रासीनचा छोटा स्फटिक बसवला. इलेक्ट्रॉन त्यावर आदळला की बारीकसा प्रकाश चमकतो. तो प्रकाश सुमारे चार फूट लांब पारदर्शक दांड्यातून वर आणायचा आणि बाहेर मोजायचा.

आणि कोबाल्ट कुठे ठेवायचा? इथे १९४९ ची ती जुनी गोष्ट परत येते. कोबाल्ट जाड थरात असेल तर इलेक्ट्रॉन आतल्या आत धडका खाऊन दिशाच विसरतील, आणि दिशा हीच तर मोजायची होती. म्हणून सेरियम मॅग्नेशियम नायट्रेट नावाच्या क्षाराच्या स्फटिकावर, वरच्या पृष्ठभागावर, कोबाल्टयुक्त थर वाढवला. जाडी सुमारे ०.०५ मिलिमीटर.

पण इतका पातळ थर उघडा पडला, की क्षणात गरम होतो आणि केंद्रकांची रांग मोडते. उपाय एकच: त्याच्याभोवती त्याच क्षाराच्या मोठ्या, थंड स्फटिकांचं घर बांधायचं. मोठे स्फटिक आणायचे कुठून? ते तयार मिळत नव्हते. कोलंबियात मादाम वूंच्या विद्यार्थिनीच्या मदतीनं काही आठवडे खटपट करून ते वाढवले. मग त्यांना भोकं पाडायची. स्फटिक ठिसूळ, तडकणारे. कोणीतरी सुचवलं, दातांच्या डॉक्टरचं ड्रिल वापरा. चिकटवायला जो डिंक वापरला तो एवढ्या थंडीत पकड सोडायचा. शेवटी ते घर नायलॉनच्या बारीक दोऱ्यानं बांधलं.

मंडळी, विसाव्या शतकातल्या एका महान प्रयोगाची ही सामग्री: क्षाराचे खडे, दाताचं ड्रिल आणि दोरा.

नोव्हेंबरात एकदा खूप मोठा परिणाम दिसला. आनंदानं उड्या मारायच्या की नाही? त्यांनी उपकरण उघडून पाहिलं. आतले स्फटिक ढासळले होते. तो आकडा खोटा. पुन्हा सुरुवात.

डिसेंबरच्या शेवटी खरा परिणाम दिसू लागला. चुंबकीय क्षेत्राची दिशा वर केली, इलेक्ट्रॉन मोजले. दिशा खाली केली, पुन्हा मोजले. दोन आकडे सारखे येईनात! इलेक्ट्रॉन स्पिनच्या विरुद्ध दिशेला जास्त जात होते. काही मिनिटांत स्फटिक गरम झाला, केंद्रकांची रांग मोडली, आणि दोन्ही आकडे एक झाले. रांग किती टिकून आहे हे कोबाल्टमधून निघणाऱ्या गॅमा किरणांवरून वेगळं मोजलं जात होतं. इकडे रांग मोडली, त्याच वेळी तिकडे फरक नाहीसा झाला. याहून स्वच्छ पुरावा कसला हवा?

नाताळच्या आदल्या रात्री बर्फामुळे विमानतळ बंद होता. मादाम वू आगगाडीनं न्यूयॉर्कला परतल्या आणि ली यांना सांगितलं, परिणाम मोठा आहे आणि पुन्हा पुन्हा येतोय. पण जाहीर करू दिलं नाही. अजून तपासायचं होतं. सुट्टी संपताच पुन्हा वॉशिंग्टन.

दरम्यान बातमी झिरपली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोलंबियातल्याच गार्विन, लेडरमन आणि वाइनरिख यांनी म्यूऑन कणांवर वेगळा प्रयोग केला आणि तेच उत्तर मिळालं. ९ जानेवारी १९५७ च्या पहाटे दोन वाजता वॉशिंग्टनमधला शेवटचा तपास संपला. हडसन यांनी खणातून वाइनची बाटली काढली आणि पाचही जणांनी ती कागदी पेल्यांतून घेतली. १५ जानेवारीला कोलंबियात पत्रकार परिषद झाली. आरशाचा नियम पडला होता.

मग पुढे?

फाइनमन यांनी पन्नास डॉलर दिले. पाउली यांना धक्का बसला, पण पैज लागलीच नव्हती म्हणून ते बचावले.

याच धाग्याचं एक टोक मुंबईत आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही वर्षं काम करून अमेरिकेला गेलेले जॉर्ज सुदर्शन आणि त्यांचे मार्गदर्शक रॉबर्ट मार्शाक यांनी १९५७ साली क्षीण बलाचा नवा सिद्धान्त मांडला. त्यात डाव्या-उजव्याचा भेद मुळातच होता. गंमत अशी, की तेव्हाची काही प्रयोगांची उत्तरं या सिद्धान्ताशी जुळत नव्हती. त्यांनी धीटपणे म्हटलं, की ते प्रयोग पुन्हा करून बघा. आणि पुढे ते प्रयोगच चुकीचे ठरले. म्हणजे मोजणं म्हणजे नुसतं खूण करणं नाही. चुकीचं मोजमाप बरोबर सिद्धान्ताला वर्षानुवर्षं अडवून ठेवू शकतं. १९६३ साली मादाम वूंनी याच सिद्धान्ताचा आणखी एक महत्त्वाचा भाग बीटा-ऱ्हासातूनच पक्का करून दाखवला.

१९५७ चं नोबेल पारितोषिक ली आणि यांग यांना मिळालं. मादाम वूंना नाही.

सन्मान मिळाले, उशिरा मिळाले. १९७५ साली त्या अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी त्यांचा पगार बरोबरीच्या पुरुष प्राध्यापकांइतका करण्यात आला. कोबाल्टच्या प्रयोगाला तेव्हा अठरा वर्षं उलटली होती! १९७८ साली भौतिकशास्त्रातला पहिला वुल्फ पुरस्कार त्यांना मिळाला.

१९७३ साली त्या चीनला गेल्या. सदतीस वर्षांनी. आईवडील केव्हाच गेले होते आणि सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाकुळात त्यांच्या कबरीही फोडल्या गेल्या होत्या. पंतप्रधान चौ एन-लाय यांनी त्याबद्दल त्यांच्याकडे दिलगिरी व्यक्त केली. १६ फेब्रुवारी १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये मादाम वू वारल्या. त्यांच्या अस्थी लिउहेला नेल्या. वडिलांनी मुलींसाठी काढलेल्या त्या शाळेच्या आवारातच त्यांना चिरविश्रांती मिळाली.

सुरुवातीचा तिसरा प्रश्न आठवतोय? हे याच बाईंच्या हातून का झालं? ली आणि यांग यांचा प्रश्न सगळ्यांसमोर होता, लेख छापून आला होता. पण प्रश्न कळणं वेगळं आणि त्याचं उत्तर कुठल्या खड्यात, किती पातळ थरात, किती मिनिटांच्या सवडीत मिळेल हे कळणं वेगळं. ते ज्ञान पुस्तकात नव्हतं. ते वीस वर्षं थर पातळ करत, आकडे पुन्हा पुन्हा तपासत त्यांच्या हातात मुरलेलं होतं. मुद्रितं तपासणारा असं करत नाही. हे लेखकाचंच काम आहे.

धन्यवाद. आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: त्यांना नोबेल न मिळण्याचं कारण त्या स्त्री होत्या हेच का?

सरळ हो म्हणता येणार नाही आणि नाही म्हणणं तर त्याहून अवघड. दुसरी बाजूही बघू. शोधनिबंधावर पाच नावं होती. दुसऱ्या गटानंही जवळपास त्याच दिवसांत तेच दाखवलं होतं. एक पारितोषिक तिघांपेक्षा जास्त जणांना देता येत नाही. पण लक्षात घ्या, प्रयोग कोणता करायचा हे मादाम वूंनी सुचवलं, बीटा मोजण्याचं कौशल्य त्यांचं, आणि पारितोषिक फक्त सिद्धान्ताला मिळालं. नंतरच्या वर्षांतही त्यांचं नाव अनेकदा सुचवलं गेलं होतं. स्त्री असणं, आणि सिद्धान्ताला प्रयोगापेक्षा वरचं पान देण्याची सवय, दोन्ही गोष्टी एकत्र आल्या असं मला वाटतं.

प्रश्न: असा परिणाम आधी कोणालाच दिसला नव्हता का?

चांगला प्रश्न. दिसला होता! १९२८ साली रिचर्ड कॉक्स आणि सहकाऱ्यांनी रेडियममधून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर प्रयोग केला होता. त्यात डाव्या-उजव्याचा फरक दिसला. पण तेव्हा तो प्रश्नच कोणी विचारलेला नव्हता, त्यामुळे ते निरीक्षण अडगळीत पडलं. म्हणून मी ली आणि यांग यांचं श्रेय अजिबात कमी करत नाही. प्रश्नाशिवाय मोजमाप मुकं असतं, आणि मोजमापाशिवाय प्रश्न लोंबकळत राहतो.

प्रश्न: निसर्गाला डावं-उजवं कळतं, याचा आपल्याला उपयोग काय?

भाव कमी होणार नाहीत, हे खरं! पण असं बघा. दूरच्या ग्रहावरच्या कोणाशी तुम्ही फक्त बोलू शकता, चित्र पाठवू शकत नाही. त्याला डावं कुठलं ते सांगा. १९५६ पर्यंत ते सांगताच येत नव्हतं. आता सांगता येतं: कोबाल्ट-६० घे, थंड कर, इलेक्ट्रॉन जिकडे कमी जातात तिकडे अंगठा कर, केंद्रकाच्या फिरण्याशी ज्या हाताची बोटं जुळतील, तो आमचा उजवा हात. अट एकच, त्याचं जग प्रतिद्रव्याचं नसावं. आणि आज मूलकणांचा जो मान्य सिद्धान्त आहे, त्याच्या पायातच हा डाव्या-उजव्याचा भेद आहे. तो पाया त्या दोऱ्यानं बांधलेल्या स्फटिकांच्या घरात तपासला गेला.

वेळ संपली, असं संयोजक खुणावतायत. घरी गेल्यावर आरशासमोर एकदा भोवरा फिरवून बघा.